अक्कानं आखलेली सावली

आमच्या लिंबाच्या चौकात गेल्या सोमवारी एक पाटी लागली. तेलुगूत, हिंदीत आणि इंग्रजीत. दुपारी बारा ते चार चौक बंद राहील, असं तिच्यावर लिहिलंय. साफसफाईसाठी म्हणे. चार तास झाडावं लागेल असं आमच्या चौकात काय सांडतं, ते मला कळलेलं नाही. माणसंच सांडत असावीत.

मी चौथी शिकलेला फरशीवाला. सगळा जन्म गुडघ्यावर बसून दुसऱ्यांच्या घरात फरश्या बसवल्या. लिहायची सवय नाही. पण पाटी वाचली आणि वाटलं, ज्या दुपारला हे लोक कुलूप लावायला निघालेत, ती दुपार कुणी मिळवली ते कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे. चौकाच्या उद्घाटनाला एक साहेब भाषणात 'स्थानिक महिलांचा सहभाग' असं म्हणून गेले होते. ती स्थानिक महिला म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आता दहा महिने झाले.

नाव गोदावरी. पण बरकतपुऱ्यापासून काचीगुड्याच्या स्टेशनापर्यंत तिला सगळे अक्काच म्हणायचे. मीही ऐकून ऐकून तेच म्हणायला लागलो. माझा भाऊ हसायचा, "बायकोला अक्का म्हणणारा तूच पहिला." म्हटलं, हस. तिला चालत होतं.

अक्का चौकात ज्वारीच्या भाकरी करून विकायची. बावीस-तेवीस वर्षं. चार वाजले की शेगडी, परात, पिठाचा डबा, अंबाडीची भाजी, ठेचा आणि कांदे. पाण्याचा हात लावून भाकरी थापायला लागली की चौकातल्या कुत्र्यांनासुद्धा कळायचं. इथले लोक भाकरीला जोन्ना रोट्टे म्हणतात. अक्का म्हणायची, "नाव काही ठेवा, पण खायला खाली बसा."

हा तिचा नियम होता. उभ्यानं खाणाऱ्याला भाकरी नाही. बसायला तिच्याजवळ खुर्च्या नव्हत्या. रंगाचे रिकामे डबे होते, सिमेंटच्या दोन विटा होत्या, माझ्या कामावरून उरलेले फरशीचे तुकडे होते. तेलुगू माणूस आला की "कूर्चो." ऑटोवाला गौसभाई आला की "बैठो मियाँ." आपल्याकडचा कुणी आला की "बस की रे, पळून चाललाय का चौक?"

माझ्या बाबतीतही तिनं हेच केलं. लग्न झालं तेव्हा मला कामावर उभ्याउभ्या खायची सवय. सिमेंट वाळायच्या आत परत हात लावायला लागायचा. घरीही मी ताट हातात घेऊन दारात उभा राहायचो. पहिल्या आठवड्यातच तिनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि जमिनीवर ठेवलं. मी बसलो. तेव्हापासून बसतोय.

एकदा ट्रॅफिकचा एक जवान मोटरसायकल चालू ठेवूनच ओरडला, "अक्का, दो रोटी, जल्दी." अक्कानं मान वर केली नाही.

"गाडी बंद करा. बसा."

"टाइम नहीं है अक्का."

"टाइम नहीं है तो भूक भी नहीं है."

लोक हसले. जवानाचे कान लाल झाले. मी बाजूला विडी ओढत उभा होतो, मला वाटलं आता हिचा तवा उचलला जातो. त्यानं गाडी बंद केली, डब्यावर बसला, तीन भाकरी खाल्ल्या आणि उठताना विचारलं, "कल कितने बजे बैठते?" पुढं तो रोज यायचा. याच माणसाचा नंतर उपयोग झाला, म्हणून सांगितलं.

तिची दुसरी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा समजली. ती वर्षभर एका जागी बसायची नाही. मला वाटायचं, हिला सवयच आहे सरकायची. चौकाच्या उत्तरेला तीन मोठे लिंब ओळीनं. चैत्र-वैशाखात ती मधल्या लिंबाच्या पूर्वेला बसायची, कारण चारच्या पुढं सावली तिकडं पडते. पाऊस सुरू झाला की चौकाच्या कडेच्या पोस्टाच्या छज्ज्याखाली. थंडीत पोस्टाच्या पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून, कारण ती भिंत दुपारभराचं ऊन धरून ठेवते आणि संध्याकाळी माणसाला देते. या जागांना तिची नावं होती. वैशाखातली जागा, श्रावणातली जागा, पौषातली जागा. गिऱ्हाइकांनाही ती पाठ झाली होती. गौसभाई पहिला पाऊस पडला की सरळ छज्ज्याखाली यायचा. त्याला सांगावं लागायचं नाही.

म्हणजे चौक तिला घरासारखा माहीत होता. घरात कुठल्या वेळी कुठं ऊन येतं ते बाईला माहीत असतं, तसा.

मग एक दिवस चौक सुधारायची योजना आली. नवीन चौक, बारा महिने गजबजलेला राहील असा. हे शब्द बोर्डावर होते, चित्रासकट. चित्र भारी होतं. मधोमध कारंजं, त्याभोवती गोल बाकं, काळा चकचकीत ग्रॅनाइट, कुंड्यांत ताडासारखी झाडं. तीन लिंबांपैकी दोन नव्हते. समोरची इमारत नीट दिसावी म्हणून काढायचे होते. चित्रातली माणसं हसत होती. एकालाही घाम नव्हता.

चित्राबरोबर एक मुलगी आली होती, केतकी. पुण्याची, नकाशा काढणाऱ्या कंपनीतली. लोकांचं मत घ्यायला तिला पाठवलं होतं. अक्काला मराठी बोलणारं माणूस दिसलं की फार आनंद व्हायचा. तिला डब्यावर बसवलं, भाकरी दिली, गाव विचारलं, आईचं माहेर विचारलं. मग हात पुसले आणि बोर्डासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"पोरी, या चित्रात किती वाजलेत?"

केतकीला समजलं नाही. "म्हणजे?"

"घड्याळात किती वाजलेत? आणि महिना कुठला हा?"

"आजी, हे नुसतं... कल्पना यावी म्हणून चित्र आहे."

"ते दिसतंय. पण यात लोकांच्या पायाशी सावलीच नाही. अशी वेळ आमच्याकडं नसते. वैशाखात चार वाजता या बाकावर कोण बसणार, ते सांग मला. कावळा बसेल. तोही आधी पाय उचलून बघेल."

केतकी वही काढून काही लिहायला लागली. अक्का म्हणाली, "लिहू नको. लिहिलेलं तुझे साहेब वाचणार नाहीत. मी दाखवते."

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. खरं ते सांगतो. म्हटलं, सरकारी काम आहे, तुझी एक शेगडी आहे, ती सांभाळ. तोंड चालवशील तर उद्या बसूही देणार नाहीत. ती पीठ चाळत होती. म्हणाली, "मला नाही बसू दिलं तर मी घरी बसेन. पण दुपारी तिथं झोपणारे घरी कुठं झोपणार?" खरंय. दुपारी लिंबाखाली दवाखान्यातल्या पेशंटांची माणसं पडलेली असायची. हॉटेलातली पोरं सुट्टीत डोळे मिटायची. स्टेशनावर गाडी चुकलेले बसायचे. हे लोक कुठल्या मीटिंगला जात नाहीत. त्यांचं मत कुणी विचारत नाही.

वैशाखातला मंगळवार होता. अक्का सकाळीच निघाली, पाच किलो रांगोळी घेऊन. मला म्हणाली, "बादली आण आणि गप्प राहा." मी दोन्ही केलं. चौकात पाणी शिंपडलं. नऊ वाजता तिनं कमरेत वाकून मधल्या लिंबाच्या सावलीच्या कडेनं पांढरी रेघ ओढायला सुरुवात केली. जशी सावली, तशी रेघ. एक फांदी बाहेर गेली असेल तर रेघही बाहेर गेली. पहिल्या लिंबाची, तिसऱ्याची. मग बसली. दहा वाजता उठली, पुन्हा तिन्हींची. अकराला पुन्हा. बाराला सावली खोडाशी गोळा झाली, तेव्हा तिनं लाल रंग घेतला. दोन वाजता हळद मिसळली. बघायला आलेल्या तेलुगू बाया हळूहळू स्वतःच वाकायला लागल्या. त्यांचा हात आमच्यापेक्षा चांगला चालतो. एकीच्या रेघेला मध्येच कमळ फुटायला लागलं तेव्हा अक्का म्हणाली, "नक्को गं, फूल नको. सावली जशी आहे तशीच काढ. आज तिचं सोंग नको."

चौकातली वाहतूक थोडी अडली. तीन भाकरीवाला जवान शिट्टी वाजवत गाड्या बाजूनं काढत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला हात थांबले तेव्हा जमिनीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं उमललेल्या पाकळ्यांसारखं काहीतरी पसरलं होतं. आणि चौकाचा मधला भाग, जिथं कारंजं आणि गोल बाकं यायची होती, तो कोरा होता. एकही रेघ तिथपर्यंत पोचली नव्हती. बोलायची गरजच उरली नाही.

पण खरी मजा पुढं झाली. रांगोळी रस्त्यावरची, सकाळी झाडूखाली जायचीच. अक्का त्याच हिशोबानं होती, केतकीला तिनं पहाटे यायला सांगितलं होतं. केतकीला उशीर झाला. आम्ही पोचलो तेव्हा झाडणारी एल्लम्मा आपला झाडू लिंबाला टेकवून हात जोडून उभी. रेघांच्या मध्ये झेंडूचं फूल ठेवलेलं, कुणीतरी नारळही फोडलेला. एल्लम्माला वाटलं, लिंबाला एवढी मोठी रांगोळी, तिच्या भाषेत मुग्गू, घातलीय म्हणजे पोचम्मादेवीचं काही असणार. तिनं बाकी सगळा चौक झाडला, रेघांना झाडू लावला नाही. स्कूटरवाले बाजूनं जात होते. एक माणूस बॅग डोक्यावर घेऊन रेघेच्या कडेकडेनं पाय मोजत चालला होता. गौसभाई तर आपला ऑटो आडवा लावून बसला होता. म्हणे, "अम्माजान की चीज है, कोई पैर नक्को रखो."

मी अक्काला म्हटलं, "सांग त्यांना, देवाचं नाही हे."

"मला कुणी विचारलंय?"

"तरी पण."

"लिंबाचंच आहे. खोटं काय त्यात?"

तीन दिवस रांगोळी टिकली. केतकीनं टेप लावून सगळं मोजलं, फोटो काढले, कागदावर उतरवलं. तिसऱ्या दिवशी तिचे मोठे साहेब स्वतः आले. गाडीतून उतरले तेच रागात. अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या सांगण्यावरून दोन दगड आणून उन्हात ठेवले होते. एक काळा ग्रॅनाइट, पॉलिशचा, एक तांदूरची खरबरीत फरशी. दुपारचे दोन वाजले होते.

"साहेब, बूट काढा," अक्का म्हणाली.

साहेब हसले. त्यांना वाटलं नारळ फुटलाय म्हणून सांगतेय. बूट काढले, मोजे काढले. अक्कानं ग्रॅनाइटकडं हात केला. साहेबांनी पाय ठेवला आणि काहीतरी तेलुगूत म्हणाले, जे मी इथं लिहीत नाही. तिथून त्यांनी सरळ तांदूरवर उडी मारली, मग तिथूनही लिंबाच्या सावलीत. पाय धरून उभे राहिले. अक्कानं माठातलं पाणी दिलं आणि म्हणाली, "कूर्चो, सर." साहेब रंगाच्या डब्यावर बसले. तिथूनच त्यांनी तो कोरा मधला भाग पहिल्यांदा नीट बघितला.

नकाशा बदलला. तिन्ही लिंब राहिले. कारंजं गेलं. बाकं रेघांच्या आत आली, काही सकाळच्या सावलीत, जास्त दुपारच्या. पोस्टाचा छज्जा वाढवला, त्याखाली पावसाळ्यात पन्नास माणसं उभी राहतात, बसतात. पश्चिमेच्या भिंतीला पायऱ्या केल्या, पौषात म्हातारे तिथं पाठ शेकत बसतात. फरशी तांदूरची आली. त्यातली एक ओळ उंचसखल आहे, मी बसवली असती तर नसती. आता तिथं सकाळी हसायचा क्लब असतो, संध्याकाळी कोचिंगची पोरं वह्या घेऊन बसतात, बतुकम्माच्या सणाला बाया फेर धरतात, रमजानात फळांच्या थाळ्या लागतात. बोर्डावर लिहिलं होतं तसा बारा महिने गजबजलेला चौक झाला. फक्त बोर्डावरचा नव्हे, रांगोळीतला.

आणि त्यात अक्काला जागा नव्हती.

नवीन नियमानं चौकात विक्री बंद. विकणाऱ्यांना मागच्या गल्लीत गाळे काढले. अक्काचा गाळा पश्चिमेला तोंड करून. चार वाजता समोरून ऊन. जिनं सगळ्या चौकाला सावली मोजून दिली, तिलाच ऊन. मी पेटलो. केतकीला फोन केला, नको ते बोललो. ती पोरगी रडली. तिच्या हातात काही नव्हतं, आता कळतं.

अक्का नाही रडली. उद्घाटनानंतर दुसऱ्या दिवशी तिनं घरी पंधरा भाकरी केल्या, डब्यात भरल्या, जाऊन मधल्या लिंबाखालच्या बाकावर बसली. नवीन वॉचमन आला.

"अम्मा, बेचना मना है."

"बेचती नहीं. बैठी हूँ."

"ये डब्बा?"

"मेरा खाना है. बैठ, खा."

वॉचमन गोंधळला. बसायची मनाई कुठं लिहिलेली नव्हती, खायचीही नव्हती. तो बसला नाही, पण भाकरी घेतली. अक्कानं परत मागितली. "खडे खडे नहीं." तेव्हा बसला. तेव्हापासून ती रोज जायची, कुणालाही खाऊ घालायची, एक पैसा घ्यायची नाही. मी म्हणायचो, "आपण काय धर्मशाळा काढलीय?" ती म्हणायची, "तू पण ये, बस." मी म्हणायचो, गुडघे दुखतात. गुडघे दुखतच होते. पण चालत जाता येत होतं. मी गेलो नाही. संध्याकाळी तिला आणायला जायचो, उभा राहायचो, डबा घ्यायचो, चालायला लागायचो. तिच्या शेजारी त्या बाकावर मी एकदाही बसलो नाही.

आता रोज बसतो. बारा ते चार. पाटी लागल्यावर वॉचमन हात जोडून म्हणाला, "बाबा, मेरी नोकरी जाएगी." त्याला म्हटलं, तुझ्या साहेबाला बोलाव, दोन वाजता बोलाव, बूट काढून ये म्हणावं. कुलपासाठीचं गेट अजून बसलेलं नाही, नुसते खांब आलेत. बसेल तेव्हा मी आत असेन. गौसभाई म्हणतो तोही येईल. एल्लम्मा पण म्हणाली. मी पाच किलो रांगोळी आणून ठेवलीय. माझा हात चांगला नाही, पण सावलीच्या कडेनं रेघ ओढायला चित्रकार लागत नाही. वाकता यावं लागतं, ते मी जन्मभर केलंय.

तिला शेवटचं चौकात बघितलं ते ऑटोतून. गेल्या वैशाखात. पोटातल्या गाठीनं ती काठीसारखी झाली होती. विद्यानगरच्या दवाखान्यात भरती करायला निघालो होतो, गौसभाईचाच ऑटो. तिनं त्याला चौकावरून घ्यायला सांगितलं. वळसा पडत होता, तरी त्यानं ऑटो वळवला. दुपारचे तीन वाजले असतील. गौसभाईनं लिंबांसमोर ऑटो उभा केला. मी म्हटलं, "उतरायचं का?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. नुसतं बघत होती.

तिच्या बाकावर एक माणूस झोपला होता. पायजमा गुडघ्यापर्यंत चढलेला, उशाला दवाखान्याच्या कागदांची पिशवी. सावली त्याच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत होती. वॉचमन हातात काठी घेऊन त्याच्याकडं निघाला, नव्या नियमात झोपायला मनाई होती.

अक्कानं माझ्या खांद्यावर हात टेकून स्वतःला वर ओढलं आणि डोकं बाहेर काढलं. आवाज कुठून आणला तिलाच माहीत.

"उसकू नक्को उठाओ. छाँव है अभी."

वॉचमननं वळून बघितलं. ओळखलं. काठी बगलेत धरली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला हळूच बसला.

अक्कानं डोकं आत घेतलं, पदर नीट केला आणि गौसभाईला म्हणाली, "चलो मियाँ."